आधी एक्स्टेन्शन्स बंद करून पाहा

‘सगळी एक्स्टेन्शन्स बंद करून पाहा आणि तरीही तसंच होतंय का ते कळवा.’ या एका वाक्याचा मला कितीतरी वर्षं मनापासून राग होता. आपण पोटतिडकीने बग नोंदवायचा आणि समोरून हे उत्तर यायचं. मला ती सरळसरळ टाळाटाळ वाटायची. आज माझं मत नेमकं उलटं आहे. ते कसं बदललं हे सांगायला हवं, कारण त्या रागाच्या भरात मी पदरचा वेळ घालून काम करणाऱ्या माणसांना लागेल असं लिहिलं होतं.

मी भाषांतराचं काम करते. गेली बारा वर्षं माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि डेस्कटॉप ग्नोमचा. ग्नोम मुळात अगदी सुटसुटीत; वर एक पट्टी, बाकी पडदा मोकळा. मला मात्र बरंच काही हवं होतं, आणि ते एक्स्टेन्शन्स, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, देत. आधी कॉपी केलेले मजकूर जपून ठेवणारं एक, मूळ मजकूर आणि भाषांतर शेजारी-शेजारी बसवणारं एक, डाव्या कडेला डॉक देणारं एक, असं करत करत १४ एक्स्टेन्शन्स झाली. संगणक माझ्या हाताला बसला, आणि वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य म्हणजे हेच, असं मी चारचौघांत ठासून सांगायचे.

म्हणूनच नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती आली तेव्हा मी संतापले होते. तोवर फायरफॉक्सची एक्स्टेन्शन्स ब्राउझरच्या आतल्या कुठल्याही भागात हात घालू शकत. ५७ पासून त्यांना ठरवून दिलेल्या मार्गांनीच काम करावं लागलं, आणि माझी दोन आवडती एक्स्टेन्शन्स त्यात गेली. आमच्या हातातलं काढून घेतलं, अशीच माझी भावना होती.

मग २०२४ साली ग्नोम ४६ वरून मी ४७ वर गेले. एका एक्स्टेन्शनने चालायला नकार दिला. प्रत्येक एक्स्टेन्शनसोबत एक छोटी फाइल असते. ते कुठल्या आवृत्त्यांवर चालतं हे लेखक तिच्यात लिहून ठेवतो. या फाइलमध्ये ४६ पर्यंतचेच आकडे होते. मी ती उघडली, ४६ पुढे स्वल्पविराम दिला, ४७ लिहिलं आणि जतन केली. एक्स्टेन्शन चालू झालं. चार दिवसांत मी ही गोष्ट साफ विसरूनही गेले.

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी लॅपटॉपचं झाकण उघडलं, तर कुलूपबंद पडद्याऐवजी समोर नव्याने लॉगइन करायचा पडदा. उघडी असलेली प्रत्येक खिडकी नाहीशी. लिबरऑफिसने आपोआप जतन केलेला मजकूर परत दिला, पण त्यानंतरची सहा-सात वाक्यं गेली. त्या वाक्यांसाठी मी दुपारभर अडून बसले होते. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा.

मी लॉग पाहिला. कोसळलेला प्रोग्रॅम ग्नोम शेल, सिग्नल ११, म्हणजे मेमरीत नको तिथे हात गेलेला. आणि त्याखाली फंक्शनची जी उतरंड होती ती ग्नोमच्याच लायब्ररीतली. माझ्या लेखी गुन्हा शाबीत झाला होता. मी तेवढ्या ओळी उचलल्या, बग नोंदवला आणि शेवटी दोन कडक वाक्यं जोडली. उत्तर आलं: एक्स्टेन्शन्स बंद करून पाहा, आणि कोसळण्याआधीच्या काही ओळीही पाठवा.

त्या माणसाला खोटं पाडायचं म्हणून मी ते केलं. मुख्य बटणाने १४च्या १४ बंद केली, लॉगआउट करून पुन्हा आत आले. ते करावंच लागतं, कारण एकदा मेमरीत आलेला कोड नुसतं बटण बंद केल्याने बाहेर जात नाही. मग बाहेरचा मॉनिटर जोडायचा, झाकण बंद करायचं, मॉनिटर काढायचा, झाकण उघडायचं; आधी तिन्ही वेळा याच क्रमाने बिघाड झाला होता. असं वीस वेळा केलं. एकदाही काही झालं नाही. सगळी पुन्हा चालू केली, तर तिसऱ्याच वेळी डेस्कटॉप कोसळला.

मग निम्मी-निम्मी करत गेले. सात चालू, सात बंद. ज्या निम्म्यात बिघाड दिसेल त्याचे पुन्हा दोन भाग. १४ एक्स्टेन्शन्ससाठी चार फेऱ्या पुरल्या. शेवटी उरलं ते मी स्वतः आकडा घातलेलं एक्स्टेन्शन.

आता लॉग पुन्हा उघडला. मी पाठवलेल्या ओळींच्या थोड्याच वर, माझ्याच होम फोल्डरमधल्या त्या एक्स्टेन्शनचा पूर्ण पत्ता, फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक स्पष्ट छापलेला होता. पहिल्या दिवसापासून होता. काखेत कळसा होता आणि मी दुसऱ्यांच्या दारात जाऊन भांडत होते.

घडत होतं ते असं. पडदा कुलूपबंद झाला की ग्नोम सहसा सगळी एक्स्टेन्शन्स बंद करतं आणि कुलूप उघडल्यावर पुन्हा चालू करतं. म्हणून प्रत्येक एक्स्टेन्शनने बंद होताना आपला पसारा आवरायचा असतो: लावलेली बटणं, टायमर, मॉनिटर बदलल्याची वर्दी घेणारे कान, सगळं. ४७ मध्ये आतल्या एका गोष्टीचं नाव बदललेलं होतं. त्यामुळे या एक्स्टेन्शनची आवराआवर मध्येच अडकत होती. पट्टीवरचं त्याचं बटण काढलं जाई, पण कान तसाच राही. मग मॉनिटर निघाल्याची वर्दी आली की तो कान, अस्तित्वातच नसलेल्या बटणाला हात लावायला जाई. आणि वेलँडवर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवायच्या नव्या व्यवस्थेत, ग्नोम शेल हाच पडद्यावर सगळं रेखाटणारा प्रोग्रॅम असल्यामुळे तो पडला की सगळ्या खिडक्या घेऊन पडतो. पूर्वीच्या एक्स११ या व्यवस्थेत तसं नव्हतं. रेखाटणारा सर्व्हर वेगळा असायचा, त्यामुळे शेल पुन्हा सुरू करता यायचं आणि खिडक्या जागच्या जागी राहायच्या.

हे समजल्यावर माझा जुना युक्तिवाद मला टिकवता येईना. पट्टीवरच्या एवढ्याशा गोष्टीने अख्खा डेस्कटॉप पडतोच कसा, असं मी विचारत होते. तो पडू शकतो, कारण एक्स्टेन्शन आणि शेल यांच्यामध्ये भिंतच नाही. ते शेलच्या पोटात, त्याचाच एक भाग होऊन चालतं. आणि भिंत नाही म्हणूनच मला हवं ते बदलता आलं. फायरफॉक्सने भिंत घातली तेव्हा मी चिडले, ग्नोमने घातली नाही म्हणूनही चिडले. या दोन्ही तक्रारी एकाच माणसाने करणं न्यायाचं नव्हतं.

त्या एक्स्टेन्शनच्या लेखकालाही मी दोष देणार नाही. आपलं काम ४६ पर्यंतच चालतं असं त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. त्याच्या नावावर ४७ चा शब्द मी दिला. मी त्याला लॉगमधल्या ओळी पाठवल्या, बग मागे घेतला आणि ज्याला कडक वाक्यं लिहिली होती त्याची माफी मागितली.

एक्स्टेन्शन्स मी आजही वापरते. १४ ची पाच झाली, कारण बाकीच्यांची खरी गरज नव्हती. नवी आवृत्ती घेण्याआधी पाचही त्यावर चालतात का ते पाहते आणि आकडा कधीही हाताने घालत नाही. लिबरऑफिसची सेफ मोड, फायरफॉक्समधली एक्स्टेन्शन्सविना ब्राउझर उघडून देणारी सोय, या मी हौशी लोकांसाठी समजत होते. आता काही बिघडलं की आधी तिथेच जाते. यात दहा मिनिटं जातात, आणि पलीकडे उत्तर देणाऱ्याचे कित्येक तास वाचतात.

अलीकडेच लिबरऑफिस एका जुन्या फाइलवर वारंवार बंद पडू लागलं. सेफ मोडमध्येही पडत होतं, म्हणजे या वेळी दोष खरोखर आतला होता. बग नोंदवताना मी पहिलीच ओळ लिहिली: ‘एक्स्टेन्शन्स बंद करून पाहिली, तरीही होतं.’ समोरून तो प्रश्न आला नाही. थेट कामालाच सुरुवात झाली.