समुद्राची जामीनकी

बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीत किती जामीनपत्रे माझ्या हाताखालून गेली, त्याचा हिशेब आता सांगता येणार नाही. एम. कॉम.ला असताना १८७२च्या भारतीय करार कायद्याचे १२६वे कलम आम्ही पाठ केले होते. हमीच्या करारात पक्ष तीन असतात : धनको, ऋणको आणि जामीनदार. १२८वे कलम पुढे सांगते की, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. शाखेत जामीनदार म्हणून सही करायला आलेल्या माणसाला मी नेहमी विचारीत असे, "कशावर सही करता आहात, ते वाचले ना?" बहुतेक जण हसून 'हो' म्हणत आणि न वाचताच सही करीत. निवृत्तीनंतर मीही एकदा तेच केले.

आमचे घर क्रांती चौकापासून पायी दहा मिनिटांवर आहे. कुटुंब एकत्र, धाकट्या भावाचे कापडाचे दुकान. त्याच्या मुलीला लंडनमध्ये वित्तशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तेव्हा घरात दोन तट पडले. भाऊ गोंधळलेला, त्याची पत्नी धास्तावलेली. मुलीच्या बाजूने बोललो तो मी. नकाशा मांडला, खर्चाचा तक्ता केला, रुपया-पौंडाचा हिशेब समजावून दिला. शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर भाऊ सहकर्जदार झाला, दुकानाची जागा तारण राहिली आणि जामीनदार म्हणून मी सही केली.

आमच्या घरात धाकटी भावजय जेठाशी सहसा थेट बोलत नाही. सही झाली त्या संध्याकाळी मात्र ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्ही म्हणता म्हणून पाठवते. ती जशी आहे तशी परत येईल ना?" मी म्हणालो, "माझी जबाबदारी." दोन शब्दांत विषय संपवला. कागदावरची जामीनकी मी वाचली होती. ही दुसरी, तोंडी दिलेली, वाचलीच नव्हती.

गेल्या वर्षी नोव्हेंबरमधील एका शनिवारी रात्री नऊच्या सुमारास तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपारचे साडेतीन वाजले होते आणि उजेड उतरू लागला होता. दोन मैत्रिणींबरोबर ती लंडनहून ब्रायटनला, समुद्रकिनाऱ्यावर, एका दिवसाच्या सहलीला गेली होती. व्हिक्टोरिया स्थानकावरून गाडीने तासाभराचा प्रवास. "मोठे पप्पा, इथे वाळूच नाही, नुसते गोटे आहेत. चालताना पाय मुरगळतो," असे म्हणून तिने कॅमेरा खाली वळवला. तांबूस-करडे, गुळगुळीत गोटे आणि त्यांवर फुटणारी राखाडी लाट. मग समुद्रात दूरवर गेलेला, १८९९ साली खुला झालेला लांब धक्का दाखवला. सकाळी पाहिलेल्या रॉयल पॅव्हेलियनविषयी सांगितले. "राजाचा महाल आहे, पण वर आपल्या मकबऱ्यासारखे घुमट! पहिल्या महायुद्धात तिथे आपल्या जखमी सैनिकांचं हॉस्पिटल होतं म्हणे."

एवढे बोलून ती थांबली. मग म्हणाली, "मैत्रिणी म्हणाल्या, तुझ्या भाषेतलं एखादं गाणं म्हण. मी 'सागरास' म्हणायला लागले, आठवीत गॅदरिंगमध्ये म्हटलं होतं ना, ते. पहिली ओळसुद्धा पुरी झाली नाही. मोठे पप्पा, मला इथे नाही राहवत. आईला सांगू नका."

मी उत्तर दिले. पण ते उत्तर काकाने दिले नाही, निवृत्त अधिकाऱ्याने दिले. पहिल्या सत्रात सर्वांनाच असे होते. अभ्यासक्रम अर्धवट सोडला तर भरलेले शुल्क परत मिळत नाही. हप्ता सुरू व्हायला अजून अवकाश आहे, तोवर मन लावून शिकावे. बोलणे मुद्देसूद होते. तिने "बरं" म्हटले आणि फोन ठेवला. त्या 'बरं'चा अर्थ मला चांगला ठाऊक होता. कर्ज नामंजूर झाल्याचे सांगितल्यावर समोरचा माणूस खुर्चीतून उठताना तसेच 'बरं' म्हणतो.

घरात बसवेना म्हणून चौकापर्यंत चालत गेलो. शनिवारची रात्र, जालना रोडवर वाहनांची रीघ. २०२२ साली उभारलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा दिव्यांत उजळला होता. याच परिसरातील काळ्या चबुतऱ्याजवळ १८५७ साली इथल्या घोडदळाच्या बंडखोर शिपायांना देहदंड देण्यात आला. चौकाचे नाव 'क्रांती' पडले ते त्यांच्यामुळे. त्या उठावाला स्वातंत्र्यसमर म्हणणारा ग्रंथ ज्या विद्यार्थ्याने लंडनमध्ये बसून लिहिला, त्यानेच ब्रायटनच्या किनाऱ्यावर 'सागरास' ही कविता रचली. आयुष्यभर या चौकातून ये-जा करूनही हे दोन धागे मी कधी एकत्र धरले नव्हते.

विनायक दामोदर सावरकर जून १९०६मध्ये बोटीने विलायतेला निघाले, तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. 'शिवाजी शिष्यवृत्ती' मिळावी म्हणून लोकमान्य टिळकांनी त्यांच्यासाठी शिफारस केली होती. १९०९ साल त्यांच्यावर कोसळत आले. जूनमध्ये थोरले बंधू बाबाराव यांना काळ्या पाण्याची जन्मठेप झाली. ऑगस्टमध्ये सहकारी मदनलाल धिंग्रा फासावर गेले. परीक्षा उत्तीर्ण होऊनही बॅरिस्टरची सनद मिळाली नाही. अशा दिवसांत ते ब्रायटनला आले. सोबत होते बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव निरंजन पाल, जे पुढे बॉम्बे टॉकीजचे पटकथालेखक म्हणून प्रसिद्धीस आले. त्या किनाऱ्यावर सुचलेली कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीमुळे मराठी घराघरांत पोहोचली.

मीही ती शेकडो वेळा ऐकली आहे, दरवेळी देशभक्तीचे गीत म्हणूनच. त्या रात्री चौकात उभे राहून मनात आठवली, तेव्हा प्रथमच ती मला जामीनकीची तक्रार वाटली. त्या कवितेत मायभूमी शंकित आहे. मुलाला दूर धाडायला तिचे मन धजत नाही. त्याला जग दाखवण्याचा आग्रह समुद्राचा, आणि 'मी परत आणून पोहोचवीन' हा शब्दही समुद्राचाच. मुलगा त्या शब्दावर विसंबून निघाला आणि परक्या किनाऱ्यावर उभा राहून समुद्राला विचारतो आहे की, तुझ्या वचनाचे काय झाले? पक्ष तीन, कलम १२६.

पुढे काय झाले, ते इतिहासाला ठाऊक आहे. मार्च १९१०मध्ये ते पॅरिसहून लंडनला परतले आणि व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांना अटक झाली. ब्रायटनची गाडी जिथून सुटते, तेच स्थानक. त्याच वर्षी जुलैमध्ये समुद्राने त्यांना मुंबईला आणून पोहोचवले, पण बेड्या घालून. आणि १९११मध्ये पुन्हा उचलून अंदमानात नेले. शब्दशः पाहिले तर जामीनदाराने करार पाळला. जशी होती तशी परत यावी, हे भावजयीचे शब्द त्या वेळी मला आठवले. नुसते परत येणे हा करारच नव्हता.

पुतणीच्या व्यथेची थोरांच्या दुःखाशी बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. तिच्या मागे पोलीस नव्हते, हातात परतीचे तिकीट होते, फोन होता. परंतु एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. या व्यवहारात समुद्र मी होतो. जग पाहा, म्हणून भुलवले मी. आईची शंका दोन शब्दांत मिटवली मी. आणि मुलीने किनाऱ्यावरून हाक दिली, तेव्हा लाटेसारखा तेच ते बोलत राहिलो तोही मीच.

साडेअकराला मी तिला पुन्हा फोन लावला. ती परतीच्या गाडीत होती. या वेळी मी एवढेच म्हणालो, "तुला यायचे असेल तर ये. हप्त्याचे मी पाहीन. त्याच कागदावर माझी सही आहे." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मोठे पप्पा, मी पैशाचं विचारलंच नव्हतं. मला फक्त कुणाला तरी सांगायचं होतं." त्यानंतर व्हिक्टोरिया येईपर्यंत ती बोलत राहिली : खोलीतली थंडी, वर्गात एकटे बसावे लागणे, स्वतःच्या हातच्या पोळ्या कशा वातड होतात ते. मी फक्त ऐकले. छत्तीस वर्षांच्या सवयीमुळे तोंडाशी आलेले सल्ले गिळणे सोपे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय चहा घेऊन आली. मी मान वर केली नाही, कारण शब्द दिला होता. तीच म्हणाली, "काल समुद्रावर गेली होती ना? मला फक्त फोटो पाठवले, फोन केला नाही. तेव्हाच समजले. तुम्हाला केला असेल तर बरे झाले." मी मान हलवली. त्यापुढे तिने काही विचारले नाही आणि मी काही सांगितले नाही.

ती परत आली नाही; तिने तिथेच राहून अभ्यास पुढे चालू ठेवला. माझ्या दुसऱ्या फोनमुळे ती थांबली, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र दर शनिवारी रात्री तिचा फोन येतो आणि आता तो आईलाही जातो.

आपल्या व्यापारी घरांतून आता पुष्कळ मुले-मुली परदेशी शिकायला जात आहेत. तारण, व्याजदर, हप्ते यांचा विचार आपण चोख करतो. ते आपल्या रक्तातच आहे. माझी विनंती एवढीच की, मुलाच्या पाठीवर हात ठेवून 'जा' म्हणणाऱ्या प्रत्येकाने आपण कोणत्या कागदावर सही करतो आहोत, ते एकदा नीट वाचावे. त्यातील एक कलम कुठल्याही बँकेच्या नमुन्यात छापलेले नसते. किनाऱ्यावरून हाक आली की आधी ऐकून घ्यायचे, हिशेब नंतर.