अलास्का महामार्ग : चाकांवरच्या घरातून

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील डॉसन क्रीक या गावी शून्य मैलाचा स्तंभ उभा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, अमेरिकी सैन्याने येथून अलास्काकडे जाणारा रस्ता अवघ्या आठ महिन्यांत तयार केला. आज डेल्टा जंक्शनपर्यंतचे त्याचे अंतर सुमारे २,२०० किलोमीटर भरते. सिअ‍ॅटलला राहणाऱ्या चिरंजीवांनी भाड्याने घेतलेल्या आरव्हीतून, म्हणजे स्वयंपाकघर व शय्या असलेल्या मोटारीतून, आम्ही उभयतांनी मुलगा व सूनबाईंसह हा प्रवास केला. डोंगर, सरोवरे, रस्त्याकाठी चरणारे रानगवे यांचे वर्णन अनेकांनी केले आहे. मी येथे आधुनिक साधनांच्या अडचणींविषयी लिहितो, कारण आपल्या घरांतील अनेक मंडळी आता अशा सफरींचे बेत आखत असतात.

अमेरिकेची सीमा ओलांडताच मापेच बदलतात. मैलांचे किलोमीटर होतात, गॅलनचे लिटर होतात. आमच्या गाडीच्या वेगमापकावर मैलांचे आकडे ठळक होते. त्यामुळे फलकावरील १०० म्हणजे आपल्या काट्यावरील ६२, हे सूनबाईंनी कागदावर लिहून चालकासमोर चिकटवले. उन्हाळ्यात युकॉनमधून अलास्कात शिरताना घड्याळ एक तास मागे जाते. मोबाइलला संपर्क नसेल, तर हा बदल त्याला कळतोच असे नाही.

फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक हा टप्पा ५०० किलोमीटरहून अधिक आहे. येथे मोठ्या पट्ट्यांत मोबाइल मुका होतो. उपग्रहाकडून आपले स्थान कळते, परंतु नकाशा आधी उतरवून घेतला नसेल तर पडद्यावर कोऱ्या जागेत एक निळा ठिपका तेवढा दिसतो. मुलाने नकाशे आदल्या रात्रीच साठवले होते. शिवाय छापील मार्गदर्शिका जवळ होती. तिच्यात इंधनाची ठिकाणे मैलांनुसार नोंदलेली असल्याने पुढचा अंदाज बांधता येई.

याच टप्प्यात खरी कसोटी लागली. टाकी पाव भरलेली होती आणि रस्त्यावरील एका इंधनकेंद्राचे कार्डयंत्र बंद पडले होते. उपग्रहाचा संपर्क तुटल्याने कोणत्याही बँकेचे कार्ड चालेना. मालक म्हणाला, फक्त रोख. सौ.ने निघताना आग्रहाने कॅनडाचे डॉलर वेगळ्या पाकिटात ठेवले होते. त्या नोटांनी टाकी भरली. मागे थांबलेल्या एका वृद्ध जोडप्याजवळ मात्र रोख नव्हती. त्यांनाही थोडे इंधन आम्ही घेऊन दिले. त्यांनी वॉटसन लेकला पैसे परत केले. परमुलखात असा विश्वास ठेवता येतो आणि तो खरा ठरतो, याचे समाधान मोठे होते.

अमेरिकेतील पंपांवर आणखी एक अडचण येते. यंत्र कार्डधारकाचा स्थानिक पिनकोड विचारते आणि भारतीय कार्ड तेथे अडते. अशा वेळी आत जाऊन आगाऊ रक्कम सांगावी. ऑनलाइन आरक्षणाचा ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो, म्हणून मुक्कामांची आरक्षणे शहरात असतानाच उरकावीत.

गाडीतील विजेचाही हिशोब ठेवावा लागतो. शीतपेटी व शेगडीप्रमाणेच हवा तापवणारी भट्टीही गॅसवर चालते, पण तिचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर फिरतो. थंडीत रात्रभर भट्टी चालली, तर सकाळी बॅटरी उतरलेली आढळते. इंजिन काही वेळ चालवले की ती पुन्हा भरू लागते. येथील वीजजोड १२० व्होल्टचा असल्याने भारतातून नेलेले मिक्सर तेथे कुचकामी ठरतात. मोबाइलचे चार्जर मात्र बहुधा दोन्हीकडे चालतात.

आपल्या पेढीवर संगणक आला तरी रोजमेळाची वही एकदम अडगळीत गेली नव्हती. दूरच्या प्रवासातही तेच धोरण असावे. गाडीचे करारपत्र, विमा व पारपत्रांच्या छापील प्रती, दोन्ही देशांचे थोडे चलन आणि कागदी नकाशा यांना जागा फार लागत नाही. यंत्र चालेल तेव्हा त्याचा लाभ घ्यावा, आणि ते थांबले तरी प्रवास थांबणार नाही एवढी शिल्लक हाती ठेवावी.