ही फाईल कोणाची?

१/
२००९ साली एका लहान गावातील सार्वजनिक वाचनालयासाठी मी पुस्तकांच्या देवघेवीचा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. सी भाषेतला, लिनक्सवर चालणारा. दोन वर्षांनी सुधारित आवृत्ती घेऊन गेलो, ‘मेक इन्स्टॉल’ ही आज्ञा दिली, चहा घेतला आणि परतीची एसटी पकडली. तिसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. “अहो, माझी फाईल कुठे गेली?”

२/
‘माझी फाईल’ म्हणजे प्रोग्रामची कॉन्फिगरेशन फाईल. पुस्तक किती दिवस द्यायचे, दंड किती, सुट्टीचा वार कोणता, हे तीत लिहिलेले असे. मी दिलेली फाईल बारा ओळींची होती. बाईंनी ती सत्तर ओळींची केली होती. माझ्या नव्या आवृत्तीने तिच्या जागी पुन्हा बारा ओळी ठेवल्या. अशा फाईलची जागा कोणती आणि तिच्यावर हक्क कोणाचा, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

३/
प्रारंभ बेल लॅब्जमध्ये. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीची हस्तपुस्तिका नोव्हेंबर १९७१ची. ‘/एटसी’ हे फोल्डर तीतही आढळते. नाव ‘एट सेटेरा’वरून, म्हणजे ‘इत्यादी’. नावाप्रमाणेच तिथे सगळी सरमिसळ होती. पासवर्डची फाईल तिथे, आणि यंत्र सुरू होताना चालणारा ‘इनिट’ हा प्रोग्रामही तिथेच. जे लिहिणाऱ्याचे आणि जे वापरणाऱ्याचे, ते एकाच फडताळात. दोघेही तेव्हा बहुधा एकाच खोलीत बसत, त्यामुळे कोणाचे काही अडत नव्हते.

४/
१९७६ साली बेल लॅब्जमध्येच स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिले. कोणती फाईल कोणत्या फाईलींपासून बनते हे एकदा लिहून ठेवायचे. बदल झाला की तेवढेच पुन्हा बनवायचे. ‘इन्स्टॉल’ हा मात्र मेकच्या दृष्टीने केवळ एक संकेत. त्याखाली आपण जे लिहू ते चालते. यातली कोणती फाईल यंत्राने घडवली आणि कोणती माणसाने हाताने राखली, हा भेद मेकला ठाऊक नसतो. मलाही त्या दिवशी सुचला नव्हता.

५/
पुढे प्रोग्राम एका संस्थेत लिहिले जाऊ लागले आणि शेकडो निरनिराळ्या यंत्रांवर बसवले जाऊ लागले. १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी ‘ऑटोकॉन्फ’ रचले. त्यातील ‘प्रीफिक्स’ म्हणजे प्रोग्रामचे बिऱ्हाड कुठे थाटायचे त्याचा पत्ता. काही न सांगितल्यास ‘/यूएसआर/लोकल’. कॉन्फिगरेशनसाठी वेगळे चल आहे, ‘सिसकॉन्फडिर’. त्याचे मूळ मूल्य ‘प्रीफिक्सखालील एटसी’, म्हणून फाईल जाते ‘/यूएसआर/लोकल/एटसी’मध्ये. वितरणासाठी पॅकेज बांधणारे मात्र प्रीफिक्स ‘/यूएसआर’ आणि सिसकॉन्फडिर ‘/एटसी’ असे दोन्ही स्वतंत्रपणे सांगतात.

६/
इथे नवशिक्या हमखास अडखळतो. ऑटोकॉन्फ सिसकॉन्फडिरचे मूल्य पूर्ण उलगडत नाही; त्यात प्रीफिक्सचे नाव जसेच्या तसे ठेवते. हेतू असा, की ‘मेक’ चालवताना कोणी प्रीफिक्स बदलला तर त्यामागून हेही बदलावे. पण तेच मूल्य घाईने सी भाषेच्या हेडर फाईलमध्ये उतरवले, तर प्रोग्राम डॉलर आणि महिरपी कंसासह ती अक्षरेच पत्ता समजून शोधत बसतो. योग्य वाट म्हणजे मेकफाईलमधून, उलगडा झाल्यावर, तो पत्ता कंपायलरच्या हाती देणे.

७/
दुसरे चल ‘डेस्टडिर’. पॅकेज बांधताना फाईली खऱ्या ‘/एटसी’त टाकायच्या नसतात, एका तात्पुरत्या फोल्डरात मांडायच्या असतात. सामान इथे बांधायचे, पण पेटीवर पत्ता मुक्कामाचा. डेस्टडिर फक्त इन्स्टॉलच्या वेळी मार्गाच्या पुढे जोडला जातो. प्रोग्रामच्या पोटात तो कधी जाता कामा नये. गेला, तर प्रोग्राम मुक्कामी पोहोचूनही बांधणाऱ्याच्या अंगणात आपली फाईल शोधत राहतो.

८/
जागेचा प्रश्न मानकांनी बराचसा मिटवला. लिनक्ससाठी फोल्डरांच्या रचनेचे पहिले मानक फेब्रुवारी १९९४मध्ये आले. त्याचाच वारस असलेल्या ‘फाईलसिस्टीम हायरार्की स्टँडर्ड’ची तिसरी आवृत्ती २०१५ची. त्यानुसार ‘/एटसी’ केवळ त्या-त्या यंत्राच्या कॉन्फिगरेशनसाठी. चालणारे प्रोग्राम तिथे नकोत. पुढची बिल्ड साधनेही हे जाणतात. मेसनमध्ये प्रीफिक्स ‘/यूएसआर’ असला, तर कॉन्फिगरेशन ‘/यूएसआर/एटसी’त न जाता आपोआप ‘/एटसी’त जाते. सीमेकच्या ‘जीएनयू इन्स्टॉल डिर्स’ या मॉड्यूलमध्येही असाच अपवाद लिहिलेला आहे.

९/
पण पत्ता बरोबर असणे पुरेसे नसते. माझा पत्ता अगदी बरोबर होता. फाईल जिथे असायला हवी तिथेच मी ठेवली. तिथे आधीच कोणीतरी राहत होते, एवढेच पाहिले नाही.

१०/
हे पाहण्याची जबाबदारी पॅकेज व्यवस्थांनी फार पूर्वी उचलली होती. डेबियनचे ‘डीपीकेजी’ अशा फाईलींची वेगळी यादी ठेवते. वापरणाऱ्याने फाईल बदलली असेल आणि नव्या पॅकेजमध्येही ती बदलली असेल, तर ते थांबून विचारते. नुसते एंटर दाबले तर वापरणाऱ्याचीच फाईल राहते. आरपीएममध्ये ‘नो-रिप्लेस’ अशी खूण केली, तर बदललेली जुनी फाईल जागेवर राहते आणि नवी ‘आरपीएमन्यू’ या शेपटासह शेजारी ठेवली जाते. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समध्ये ‘सॅम्पल’ शेपटाची नमुना-फाईल देतात आणि खरी फाईल नसेल तेव्हाच तिची प्रत काढतात.

११/
२०१०मध्ये अवतरलेल्या ‘सिस्टमडी’ने हा विचार आणखी पुढे नेला. पॅकेजने आणलेल्या फाईली ‘/यूएसआर/लिब’खाली, यंत्र सांभाळणाऱ्याच्या ‘/एटसी’खाली. एकाच नावाच्या दोन फाईली असतील तर शब्द ‘/एटसी’चा चालतो. लिहिणाऱ्याने आपल्या खोलीत हवे ते बदलावे; दुसऱ्याच्या खोलीत पाऊल टाकण्याचे त्याला कारणच उरत नाही. १९७१च्या त्या एका फडताळाची ही रीतसर वाटणी म्हणता येईल.

१२/
बाईंच्या सत्तर ओळींत बऱ्याचशा टिपा होत्या. हॅशचे चिन्ह घालून मराठीत लिहिलेल्या. दंड अमुक साली का वाढवला, जत्रेच्या आठवड्यात मुदत का वाढवायची, कार्यकारिणीने तोंडी काय मान्य केले. एका ओळीनुसार मार्च-एप्रिलमध्ये शाळकरी मुलांना दंड नव्हता. फाईल पुसली गेली तो महिना मार्च. प्रोग्रामने एका मुलाच्या नावावर अठरा रुपये दंड काढला आणि बाई जागेवर नसताना तो वसूलही झाला.

१३/
फाईलची प्रत कुठेच नव्हती. मी परत गेलो, आणि बाईंनी आठवेल तसे सांगितले, मी टंकले. सत्तरपैकी चाळीसेक ओळी जमल्या. मग मेकफाईलमध्ये दोन ओळींचा बदल केला. नमुना-फाईल ‘शेअर’ फोल्डरात जाईल. ‘/एटसी’त प्रत तेव्हाच पडेल, जेव्हा तिथे काही नसेल. बाईंनी ते वाचायला लावले, अर्थ विचारला आणि म्हणाल्या, “हे आधीच लिहिता आलं असतं की.”

१४/
आले असते. त्या मुलाचे अठरा रुपये बाईंनी एका पाकिटात घालून, वर त्याचे नाव लिहून टेबलाच्या खणात ठेवले होते. पुढच्या वर्षी गेलो तेव्हाही ते पाकीट तिथेच होते.

(समाप्त)