पोटगीचा हक्क अपत्याचा

घटस्फोटाच्या दाव्यात पती आणि पत्नी हे पक्षकार असतात. ज्याचे जेवणखाण, शाळा आणि औषधपाणी त्या निकालावर अवलंबून असते ते अपत्य मात्र पक्षकार नसते. म्हणूनच भारतीय कायद्याने त्याच्या पोटगीचा, म्हणजे निर्वाहासाठी द्यावयाच्या रकमेचा, हक्क पत्नीच्या हक्काहून स्वतंत्र मानला आहे.

हा हक्क दोन मार्गांनी मागता येतो. पहिला मार्ग सर्व धर्मीयांना खुला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 ची जागा 1 जुलै 2024 पासून घेणारे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144, अपत्य औरस असो वा अनौरस, म्हणजे विवाहबाह्य संबंधातून जन्मलेले असो, अज्ञान असेपर्यंत त्याला पोटगी मिळवून देते. मुस्लिम पित्याची ही जबाबदारी घटस्फोटित पत्नीसंबंधीच्या 1986 च्या कायद्यामुळे कमी होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये दिला. दुसरा मार्ग व्यक्तिगत कायद्यांचा आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 यानुसार निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण व वैद्यकीय उपचार येतात, ही जबाबदारी आईवडील दोघांवर असते आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीच्या बाबतीत ती सज्ञान वयानंतरही टिकते.

दोघेही कमावते असल्यास भार कसा वाटावा, याचा दाखला सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये घालून दिला: वडिलांचे वेतन आईच्या सुमारे दुप्पट असल्याने खर्चाची विभागणी 2:1 अशी झाली. उत्पन्न लपवण्याच्या प्रवृत्तीला आळा घालण्यासाठी, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देय ठरवली. पुरेशा कारणाशिवाय थकवलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही. वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो, आणि ही मुदत अनेक मातांना उशिरा कळते, हे खेदजनक आहे.

खरा अन्याय अनेकदा तडजोडीतच होतो. परस्पर संमतीच्या घटस्फोटात सुटका लवकर व्हावी म्हणून आई मुलाच्या पोटगीवर पाणी सोडते, किंवा भेट मिळत नाही म्हणून वडील पैसे रोखतात. परंतु जो हक्क अपत्याचा आहे तो सोडण्याचा अधिकार आईला नाही, आणि भेटीची तक्रार असल्यास वडिलांनी त्यासाठी न्यायालयाकडे जावे, मुलाची फी अडवू नये. म्हणून संमतीपत्रात अपत्यासाठी स्वतंत्र कलम असावे, त्यात शिक्षण व उपचारांचा वाटा, दरवर्षीची वाढ आणि रक्कम जमा करण्याची तारीख स्पष्ट लिहावी, आणि ते कलम वाचून, पटवून घेतल्याशिवाय वकिलांनी पक्षकारांच्या सह्या घेऊ नयेत.