बारा तारखेचा चौकोन

डिसेंबर सरता सरता नवं कॅलेंडर घरात आलं, की आप्पा ते आधी जमिनीवर पसरत. जानेवारीच्या 12 तारखेला जिजाऊंची आणि विवेकानंदांची जयंती छापलेली असे. त्याखाली उरलेल्या जागेत ते निळ्या पेनाने चार नावं एकाखाली एक लिहीत: धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन. मगच कॅलेंडर खिळ्याला लागे.

ही नावं सगळीकडेच असतात, अशी माझी समजूत होती. सोलापुरात या चौघांच्या पुतळ्यांचा चौक, ‘चार पुतळा’, तर शाळेच्या वाटेवरच. गड्ड्याच्या यात्रेची धामधूम, नंदीध्वजाच्या काठ्या पाहायला पाहुणे आलेले, आणि त्यातही 12 जानेवारीला सकाळी आप्पा चौकात फुलं वाहून येत.

पुढे शिकायला पुण्यात गेले. खोलीतल्या कॅलेंडरवर छापील दोन ओळींखालची जागा कोरी होती. ती बघताना कसंसंच झालं, कारण 12 जानेवारी 1931 ला त्या चौघांना फाशी दिली ती याच शहरात, येरवड्याच्या तुरुंगात.

मग मी वाचायला लागले. 5 मे 1930 ला गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर उसळलं. 8 मेला गोळीबार झाला. पोलीस हटले, आणि गिरण्यांचं हे गाव काही दिवस इंग्रजांवाचून स्वतःच चाललं. 12 मेला मार्शल लॉ आला. तो 49 दिवस टिकला. त्या काळात गांधीटोपीसुद्धा गुन्हा ठरली. मंगळवार पेठेच्या चौकीतल्या दोन पोलिसांच्या खुनाचा आरोप या चौघांवर ठेवला गेला. कुर्बान हुसेन तर ‘गझनफर’ नावाचं वर्तमानपत्र चालवत. ऐन तारुण्यातला मुलगा.

तेव्हा कळलं, आप्पा बाकी तिघांची आडनावंच का लिहीत. मल्लप्पा, श्रीकिसन, जगन्नाथ हे त्यांना जागेअभावी गाळावं लागे, पण ती चार नावं एका दमात म्हटली, की सोलापूरच्या पेठांतून चालून आल्यासारखं होतं. दुसऱ्या कुठल्याही तारखेत माझं गाव इतकं पुरतं मावत नाही.

शेवटच्या वर्षी आप्पांचा हात थरथरत होता. अक्षर मोठं झालं. तीन नावांतच चौकोन भरला आणि कुर्बान हुसेन खाली, 13 तारखेवर उतरले.

आता कॅलेंडर मी पसरते. माझं अक्षर बारीक आहे, चारही नावं सहज बसतात. तरी चौथं मी 13 वरच लिहिते.