चेष्टा आणि खटपट

ज्याच्या एका टोकाला आमचे वऱ्हाडचे कपाशीचे काळे रान आणि दुसऱ्या टोकाला छत्तीसगडची भातशेती होती, आणि ज्याची राजधानी नागपूर होती, तो जुना मध्य प्रदेश आता नकाशावर उरलेला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड त्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि पुढे १९६० साली महाराष्ट्रात आले. परंतु त्या प्रांताने निरोप घेताना माझ्या पदरात एक हिंदी शब्दप्रयोग टाकला, तो मात्र अजून माझ्यापाशी शाबूत आहे: सतत चेष्टा करना.

त्याची पहिली भेट अमरावतीची. परकोटाच्या आत, अंबागेटाजवळच्या एका माडीवर, कंदिलाच्या उजेडात राष्ट्रभाषेचा वर्ग भरत असे. वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ साली निघालेली. तिच्या प्रारंभिक, प्रवेश, परिचय अशा पायऱ्या चढत कोविदापर्यंत पोहोचणे ही त्या काळी मध्यमवर्गीय घरांतील मुलांची एक महत्त्वाकांक्षाच होती. एका संध्याकाळी गुरुजींनी फळ्यावर लिहिले, 'सफलता के लिए सतत चेष्टा करनी चाहिए', आणि मागे वळून पाहतात तो सारा वर्ग तोंडावर हात दाबून हसतो आहे. यशासाठी अहोरात्र कोणाची टवाळी करायची, हा प्रश्न आम्हांला पडलाच नव्हता. पहिल्या बाकावरचा पोरगा त्या कामी आम्ही केव्हाच मुक्रर केला होता. गुरुजी रागावले नाहीत. 'बेट्यांनो, हिंदीत याचा अर्थ प्रयत्न,' एवढेच म्हणाले.

दुसरी भेट अकोल्याची, आणि ती अधिक संस्मरणीय. वडील तेथे कचेरीत तकावीच्या, म्हणजे शेतकऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी कर्जाच्या, टेबलावर कारकून होते. शनिवारी दुपारच्या पॅसेंजरने मूर्तिजापूर मागे टाकून बडनेऱ्यास उतरायचे आणि तेथून अमरावती गाठायची, हा त्यांचा परिपाठ. उन्हाळ्याच्या सुटीत ते मला सोबत घेऊन जात, आणि मी त्या दप्तरात लाल फडक्यांत बांधलेल्या रुमालांच्या वासात दिवस काढीत असे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आले तरी निजामशाहीची बोली कचेरी सोडून गेली नव्हती: अर्ज, मिसल, बारनिशी, तगादा, रुजुवात. त्यावर इंग्रजीचा थर बसलेला होता, आणि आता १९५० च्या राजभाषा कायद्याने हिंदी व मराठी या दोघी बहिणी एकाच वेळी सासरी नांदायला आल्या होत्या.

हेडक्लार्क जबलपूरकडचे, सज्जन गृहस्थ. हिंदी परिपत्रकाचा मराठी तर्जुमा करून गावोगाव रवाना करण्याचे काम वडिलांकडे. ज्या दिवशी 'सतत चेष्टा' असलेले परिपत्रक हाती आले, तो दिवस नेमका शनिवार. गाडीची वेळ जवळ आलेली. वडिलांनी क्रियापदे तेवढी मराठी केली आणि 'चेष्टा' हा शब्द, संस्कृतच आहे, दोन्हीकडे चालायचाच, अशा विश्वासाने जसाच्या तसा ठेवला. तकावीच्या वसुलीकामी पाटलांनी सतत चेष्टा करावी, असा हुकूम बारनिशीत चढून निघून गेला.

आठ-दहा दिवसांनी बाळापूरकडच्या एका गावचे पाटील तो कागद घेऊन टेबलापुढे उभे राहिले. पागोट्याच्या घडीतून त्यांनी तो काढला, मांडीवर ठेवावा तसा तळहातावर सपाट केला आणि शब्दावर बोट ठेवले.

'बाबूसाहेब, पीक बुडालं लोकायचं. तकावी घेतली, थे फिटत नाही. अन् वरून मी त्याहिची चेष्टा करू म्हन्ता? अन् थेबी सतत?'

वडील प्रथम हसले. मग पाटलांच्या मुद्रेकडे पाहून त्यांचे हसू मावळले. 'पाटील, बसा,' म्हणून त्यांनी दौत पुढे ओढली, 'चेष्टा' खोडून वर 'खटपट' लिहिले आणि दुरुस्तीचा मसुदा सहीसाठी आत नेला. त्यावर आतून चष्मा कपाळावर सरकलेले हेडक्लार्कच बाहेर आले. 'बाबूजी, सरकार पटेल से कहेगी कि गाँव में सतत खटपट करते रहो? मारपीट हो जाएगी!'

हिंदीत खटपट म्हणजे भांडण, बेबनाव. त्या खोलीत दोन्ही बाजूंचे बोलणे खरोखर कोणाला समजत असेल तर ते एकट्या पाटलांना, कारण बाजारात सरकी विकताना त्यांना दोन्ही भाषा लागत. ते गालातल्या गालात हसत होते. अखेर 'प्रयत्न' या बिनधोक शब्दावर समेट झाला.

तिकडे राजधानी नागपुरात त्या वर्षांत डॉ. रघुवीर संस्कृतच्या टाकसाळीतून राज्यकारभारासाठी हजारो पारिभाषिक शब्द पाडीत होते, आणि संस्कृत शब्द सर्वांना सारखाच उमगेल ही त्यामागची श्रद्धा होती. मला मात्र वाटते की परका शब्द आपल्याला सावध तरी करतो, तत्सम शब्द नात्यातला म्हणून बेसावध पकडतो. फारसीचीही तीच कथा: राजीनामा म्हणजे आमच्याकडे नोकरी सोडल्याचा कागद, तर हिंदी मुलखातील कोर्टात तो वादी-प्रतिवादींच्या तडजोडीचा. संस्कृतात चेष्टा म्हणजे मुळात हालचाल, देहाची क्रिया. गीतेत तो शब्द याच अर्थाने येतो, आणि आमच्या संतवाङ्मयातही 'चेष्टवणे' म्हणजे हालते करणे. हिंदीने त्या हालचालीतून प्रयत्न घेतला. आम्ही हातवारे घेतले, हातवाऱ्यांची नक्कल घेतली आणि नकलेवरून थट्टेवर उतरलो. मूळ अर्थ आम्ही राखून ठेवला तो केवळ 'निश्चेष्ट' या शब्दात, म्हणजे माणूस बेशुद्ध पडल्यावर!

पुढे पुण्यास शिकावयास गेलो तेव्हा मराठी अर्थाची सतत चेष्टा माझ्याही वाट्याला आली. मी 'अभ्यास करून राहिलो' म्हटले की खोलीतले सोबती 'कुठे राहिलास?' असे विचारीत. आमच्या बोलीतले हे 'करून राहिलो' हिंदीच्या 'कर रहा हूँ' याच्या शेजारी बसते, हे त्यांस समजावण्याच्या खटपटीत मी पडलो नाही.

पण गोष्ट अकोल्याची चालली होती. सुटी संपण्याआधी ते पाटील पुन्हा आले आणि पागोट्याच्या त्याच घडीतून त्यांनी खजिन्यात भरणा केल्याचे चलान काढले. 'चेष्टा करू करू थकलो, बाबूसाहेब,' असे म्हणताना त्यांनी त्या शब्दाला कोणत्या भाषेतला अर्थ दिला होता, ते त्यांनाच ठाऊक. भरणा निम्म्याहून कमी होता. वडिलांनी आकडा रजिस्टरात चढवला आणि शेऱ्याच्या रकान्यात, ओळीचे वळण सांभाळीत, दोन शब्द लिहिले.

'काय लिवलं?' पाटलांनी विचारले.

'प्रयत्न चालू.'

'करूनच राहिलो नं, बाप्पा,' पाटील म्हणाले, आणि सुटलेले पागोटे पुन्हा बांधू लागले.