जादा जोडी नसते तेव्हा

दिवे घाटाच्या पायथ्याशी ज्ञानोबांच्या पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. चढ आला की बळ वाढवायचं, हे तिथे लहान पोरालाही कळतं. मी गेली बावीस वर्षं अमेरिकेत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर काम करतो. किती वेगाला, किती भाराला कोणता गिअर पडावा, हे ठरवणं हा माझा व्यवसाय. कुणाला गिअर समजावून सांगायचा झाला की मला हाच घाट आठवतो. इंजिनाला वाटेत जादा जोडी जुंपता येत नाही. आहेत त्याच बैलांना भरभर पावलं टाकायला लावणं, एवढंच आपल्या हातात असतं. ती पावलं म्हणजे आरपीएम.

यंदाच्या जूनमध्ये माझ्या मित्राने पहिलावहिला ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. पिकअप ट्रकच्या मागे जोडायचं हे चाकांवरचं घर. डेन्व्हरहून पश्चिमेकडे निघालो. तिथला महामार्ग रॉकी पर्वत चढत आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, म्हणजे 11,000 फुटांच्याही वर जातो. जॉर्जटाउन मागे पडलं, चढ अंगावर आला, ट्रकने दोन गिअर खाली टाकले आणि आरपीएमचा काटा 4,000 वर गेला. मित्राने घाबरून पाय काढला. ‘‘अरे, इंजिन ओरडतंय बघ! फुटेल ना!’’

हीच भीती मला घालवायची आहे.

हिशेब करून पाहू. ट्रक आणि ट्रेलर मिळून वजन 5 टन, चढ 6 टक्के आणि वेग ताशी 80 किमी. एवढं वजन नुसतं उचलत नेण्यासाठीच सुमारे 88 हॉर्सपॉवर लागतात. ट्रेलरच्या रुंद कपाळावर आदळणारा वारा आणि टायरचं घर्षण धरलं, तर आकडा सव्वाशेच्या घरात जातो. आता इंजिनाकडे पाहा. मित्राचं इंजिन पेट्रोलचं, बिनटर्बोचं. अशा इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण 3 टक्के घटते. बोगद्यापाशी तिसरा हिस्सा गेलेला असतो. चौथ्या गिअरमध्ये 2,300 आरपीएमला त्या उंचीवर चाकांपर्यंत जेमतेम ऐंशी हॉर्सपॉवर पोचतात. मग कितीही अ‍ॅक्सिलरेटर दाबा, गाडी दम टाकणारच. दुसऱ्या गिअरमध्ये 4,000 आरपीएमवर तेच इंजिन ताशी 70 किमीने शांतपणे वर जातं. थोडा वेग सोडायचा आणि आरपीएम धरायचे, हा खरा सौदा.

आवाज मोठा म्हणजे त्रास मोठा, असं इंजिनाचं नसतं. त्याला खरा त्रास होतो तो कमी आरपीएमवर पूर्ण भार ओढताना. तेव्हा प्रत्येक ठोक्याला पिस्टनवर आणि बेअरिंगवर जास्त दाब येतो. टर्बो इंजिनात तर अशा वेळी इंधन ठिणगीच्या आधीच पेटून पिस्टन फुटू शकतो. आरपीएम वाढले की ठोके जास्त पडतात, पण प्रत्येक ठोका हलका होतो. शिवाय पाण्याचा पंप इंजिनाबरोबरच फिरतो. इंजिन भरभर फिरलं की रेडिएटरमधून पाणीही भरभर खेळतं.

गिअरबॉक्सचं दुखणं वेगळं. वरचा गिअर झेपत नाही आणि खालचा आपण टिकू देत नाही, तेव्हा तो सतत वरखाली करत राहतो. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक सुटतं, आतलं तेल घुसळलं जातं आणि तापतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा खरा शत्रू हे तापलेलं तेल. म्हणून चढ लागण्याआधीच टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढतानाची गिअरची खास पद्धत, लावा, गरज पडली तर गिअर हाताने धरून ठेवा. तांबड्या रेषेच्या खाली काटा असेल आणि तापमान स्थिर असेल, तर आवाज होऊ द्या.

ट्रक किती ओझं ओढू शकतो, याची कसोटीही ठरलेली आहे. अ‍ॅरिझोनात डेव्हिस डॅमपासूनचा 11.4 मैलांचा चढ, बाहेर किमान 38 अंश सेल्सिअस, एसी पूर्ण चालू, मागे कमाल वजन. तरीही साध्या पिकअपचा वेग ताशी 40 मैलांखाली जाता कामा नये. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे2807 मानकात हे लिहिलेलं आहे. ज्या आवाजाला मित्र घाबरला, तो सोसण्यासाठीच हे इंजिन घडवलेलं असतं.

बोगदा ओलांडला की सिल्व्हरथॉर्नपर्यंत 7 टक्के उतार. मित्राने सुटकेचा श्वास टाकला आणि गिअर वर न्यायला हात पुढे केला. मी थांबवलं. माझे काका एसटीचे ड्रायव्हर, कुंभार्ली घाटात उभी हयात गेली. ते सांगायचे, ‘‘ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं.’’ पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल मिटला की पिस्टनांना हवा ओढायला झगडावं लागतं. ती ओढाताणच गाडीला मागे धरते. वेग वाढलाच तर ब्रेक ठाम दाबायचा, वेग उतरवायचा आणि पूर्ण सोडायचा. पाय ठेवून बसलं की ब्रेक तापतात आणि ऐन वेळी दगा देतात. भरकटलेल्या ट्रकांसाठी त्या उतारावर खडीचे चढ बांधून ठेवले आहेत, ते उगीच नव्हे.

खाली पोचल्यावर मित्राने चाकाजवळ हात नेला. ब्रेकचा वास नव्हता, धग नव्हती. परतीच्या चढावर काटा पुन्हा 4,000 वर गेला. या वेळी त्याने पाय काढला नाही.